दादांच्या रकान्यातलं ‘ठीक’

माझ्या मावशीच्या थोरल्या मुलीला घरात सगळे मॉनिटर म्हणतात. चौथीत ती वर्गाची मॉनिटर झाली. पाचवीत बाईंनी दुसऱ्या मुलीला केलं, तरी हिने पद सोडलं नाही. नावामागची गोष्ट एवढीच. आज ती अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. तिची मुलगी परगावी शिकते, नवरा शाळेत भूगोल शिकवतो, आणि ती स्वतः कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याची देखरेख बघते. पुढची हकिगत तिनेच मला सांगितली. तीन वेगवेगळ्या वेळी सांगितली, आणि प्रत्येक वेळी स्वतःकडे थोडा अधिक दोष घेऊन.

कारखाना म्हणजे छापखान्याच्या वरची एक लांबट खोली. दाराशी प्लास्टरचं टेबल. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचे ठसे पाठवतात, त्यावरून तिथे पांढरे जबडे ओततात. खिडकीशी मेणाचं टेबल. त्या जबड्यांवर मेण चढवून एकेक दात तिथे बसवला जातो. मग मेणाच्या जागी गुलाबी हिरडी येते, आणि शेवटी कोपऱ्यातल्या मोटरवर सगळं घासून चकचकीत होतं. माणसं नऊ. खिडकीशी बसून दात लावणारे ते दादा. मोटरवर पॉलिश करणारी बाई जुळ्यांची आई, म्हणून तिला सगळे जुळ्यांची आई असंच म्हणत. बाकीच्यांची नावं या गोष्टीला लागत नाहीत.

दादा एकसष्ट वर्षांचे. त्यांनी लावलेले दात तोंडात गेले की माणूस आपलं जुनं हसू परत आल्यासारखा हसतो, असं डॉक्टर म्हणत. मॉनिटर बाविसाव्या वर्षी तिथे कामाला लागली, तेव्हा तिला मेणाची सुरी धरायला त्यांनीच शिकवलं. ते कधी मागे उभे राहून बघत नसत. दुपारी एक स्टूल ओढत तिच्याशेजारी येऊन बसायचे आणि विचारायचे, “अडलंय कुठे?” अडलं नसेल तर तसेच पाच मिनिटं बसून उठून जायचे.

दोन वर्षांपूर्वी थोरले मालक घरी बसले आणि त्यांचा मुलगा, धाकटे मालक, कारभार बघू लागला. भला माणूस. फक्त त्याला प्रशिक्षणाचं वेड. अशाच एका प्रशिक्षणाहून तो एक निळी वही घेऊन आला. रोज सकाळी नऊ वाजता सगळ्यांनी दहा मिनिटं गोल उभं राहायचं. बसायचं नाही, बसलं की गप्पा होतात. प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, आणि तिसरी काही त्याला मराठीत सांगता येईना. मॉनिटर पटकन म्हणाली, “अडलंय कुठे?” धाकटे मालक खूश झाले. वही तिच्याकडे आली. एकच सक्त सूचना: कुणाचा रकाना रिकामा दिसता कामा नये.

कारखान्यात त्या दहा मिनिटांचं नाव ‘प्रार्थना’ पडलं. प्लास्टरवाला नऊला दोन मिनिटं कमी असताना ओरडायचा, “चला, प्रार्थनेला! हात पुसून या रे!” घरी नवऱ्याने तर ताळच सोडला. “आमची प्रार्थना आंघोळीआधी घेणार की नंतर? काल मी निवृत्त होण्याचा विचार केला, आज पुन्हा तोच करणार, अडलंय तुझ्यापाशी.”

ती हसायची. पण तिला वही आवडायची हे खरं. नऊ रकाने भरले की दिवस तिच्या मुठीत यायचा. मुलीलाही ती रोज सव्वाआठला फोन करायची. जेवलीस का, झोपलीस का, बरं आहे ना. मुलगी एकदा म्हणाली, “आई, तू विचारतेस की बरोबरच्या खुणा करतेस?”

“म्हणजे काय?”

“काही नाही. ठीक आहे सगळं. लिहून घे.”

महिनाभरात सगळे प्रार्थनेत तरबेज झाले. काल चार, आज पाच, अडलं नाही. काल सहा, आज चार, अडलं नाही. सात मिनिटांत आटपायचं. अडचण एकच, दादा. दादांना तीन वाक्यांत सांगणं जमायचं नाही. ते सुरुवातीपासून सुरुवात करायचे. “काल त्या बाईंचा खालचा जबडा घेतला. बाई साठीच्या असाव्यात. उजवीकडचं हाड जास्त झिजलंय, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच बाजूने चावत असणार. डावीकडे काहीतरी दुखत असेल. सांगितलं नसेल कुणाला. तर मी म्हटलं, डावी दाढ जरा...”

तोवर प्लास्टरवाला एका पायावरून दुसऱ्या पायावर यायचा. कुणीतरी घड्याळाकडे बघायचं. मॉनिटर लेखणी वहीवर टोचत म्हणायची, “दादा, थोडक्यात.”

“थोडक्यातच सांगतोय,” दादा म्हणायचे आणि त्या बाईंच्या डाव्या बाजूकडे वळायचे.

एका मंगळवारी त्यांचा नंबर आला. काल-आज झालं. तिने सवयीने विचारलं, “अडलंय कुठे?” लेखणी ‘नाही’वर टेकलेलीच होती.

“अडलंय असं नाही,” दादा म्हणाले, “पण सकाळी दिवा लावला की त्याच्याभोवती कडं दिसतं. रंगीत. आणि डावीकडचं जरा...”

“दादा, प्रेमात पडलात की काय!” प्लास्टरवाला म्हणाला. “आमच्या काकूंना सांगू का?”

सगळे हसले. दादाही हसले. मॉनिटरसुद्धा हसली. नऊ वाजून बारा मिनिटं झाली होती, खाली डॉक्टरांचा माणूस खोके घेऊन थांबला होता आणि दोनदा हाका मारून झाला होता.

प्रार्थना सुटल्यावर ती दादांच्या टेबलाशी गेली. तिने म्हणे नीट विचार करून ठेवला होता. धाकट्या मालकांनी दिलेल्या छापील कागदात एक ओळ होती: अनुभवी माणसांना मोकळीक द्या, त्यांना रोज विचारत बसू नका. ती ओळ तिला फार सोयीची वाटली.

“दादा, उद्यापासून तुम्ही नाही उभे राहिलात तरी चालेल.”

“का गं?”

“तुम्हाला काय विचारायचं आम्ही? तुमच्याकडून शिकलो. तुम्ही आपलं मोकळेपणाने काम करा.”

दादांनी नुकताच लावलेला दात मेणावरून काढला, पुन्हा लावला. “बरं,” म्हणाले.

“मला वाटलं, मी त्यांचा मान ठेवला,” मॉनिटर मला म्हणाली. मग म्हणाली, “नाही, तसंही वाटलं नव्हतं. वाटलं, सुटले एकदाची.”

रकाना मात्र रिकामा ठेवता येईना. दुसऱ्या दिवशी तिने दादांच्या रकान्यात लिहिलं: ठीक. तिसऱ्या दिवशीही तेच. पुढे पुढे तर ती आदल्या संध्याकाळीच लिहून ठेवायला लागली.

चार महिने गेले. दादा नऊला खिडकीशी बसलेले असत, बाकीचे आठजण गोल करून उभे असत, आणि दादांची पाठ त्या गोलाकडे असे. पूर्वी ते दुपारी स्टूल ओढत कुणाशेजारी तरी जायचे, तेही बंद झालं. ते कधी बंद झालं, हे तिला आठवत नाही. तिने बघितलंच नव्हतं.

मग जुळ्यांच्या आईच्या घरी दोन्ही पोरांना एकाच वेळी कांजिण्या आल्या आणि तिने पंधरा दिवसांची रजा घेतली. मोटरवर दुसरी बाई बसली. त्या पंधरा दिवसांत पाच कवळ्या परत आल्या. पाचही वेगवेगळ्या डॉक्टरांच्या, दोष मात्र एकच: डावीकडच्या दाढा उंच, तोंड नीट मिटत नाही. एका आजोबांच्या गालाला आतून जखम झाली होती.

धाकटे मालक गोंधळले. मॉनिटरही गोंधळली. जुळ्यांची आई कामावर परतली तेव्हा मॉनिटरने तिला गाठलं. “तुझ्या मागे पाच परत आल्या. नवीन बाईने काय केलं कळत नाही.”

जुळ्यांची आई ओढणीने मोटर पुसत राहिली.

“बोल ना.”

“तिने काही केलं नाही, ताई. मी जे करत होते, ते तिने केलं नाही.”

“काय करत होतीस?”

“दादांच्या डावीकडच्या दाढा घासत होते. रोज. उंचच लागतात त्यांच्या. दातांमध्ये निळा कागद धरला की ठिपके उमटतात ना, ते त्यांना डावीकडचे दिसतच नाहीत.”

“कधीपासून?”

“झाले की चार महिने.”

“आणि मला सांगितलं नाहीस? रोज विचारते मी. अडलंय कुठे म्हणून रोज विचारते!”

“आपलेच दात, आपलेच ओठ,” जुळ्यांची आई म्हणाली. “कुणाच्या तोंडाने सांगू? आणि ताई, त्यांनी तर सांगितलं होतं. सगळ्यांसमोर. दिव्याचं.”

दुपारी धाकट्या मालकांच्या खोलीत दादांना बोलावलं. टेबलावर पाच कवळ्या ओळीने मांडलेल्या, जणू पाच माणसं आ वासून बसली आहेत. मालकांनी आवाज चढवला नाही. त्यांनी निळी वही काढली.

“दादा, मला दाढांचं इतकं वाईट वाटत नाही. पण हे बघा. अठ्ठ्याण्णव दिवस. रोज ‘ठीक’. रोज! डोळ्याला दिसत नाही, आणि रोज सकाळी उभं राहून ठीक सांगता? विश्वासावर चालतं हो आपलं काम. हे तुम्ही सांगितलंत ना?”

मालक नऊला कधीच हजर नसत. ते साडेदहाला येत. प्रार्थनेत दादा नसतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं ते मॉनिटरने.

दादांनी वही हातात घेतली. मान डावीकडे वळवून उजवा डोळा पानावर आणला आणि बराच वेळ पानं उलटत बसले. बाकीच्यांच्या रकान्यात तीन-तीन ओळी होत्या, त्यांच्या रकान्यात एकच शब्द. अक्षर मॉनिटरचं. ते अक्षर त्यांच्या ओळखीचं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी मेणाच्या डब्यांवर नावं लिहायला त्यांनीच तिला बसवलं होतं.

ती त्यांच्या शेजारी उभी होती. “माझ्या तोंडात वाक्य तयार होतं,” ती म्हणाली. “‘मी लिहिलंय, त्यांना न विचारता.’ एवढंच बोलायचं होतं. तेवढ्यात मनात आलं, आधी दादा काय म्हणतात बघू.”

दादांनी वही मिटून टेबलावर ठेवली.

“हो,” म्हणाले. “मीच सांगत होतो.”

वाक्य तिच्या तोंडातच राहिलं. मालकांनी मान हलवली, आणि उद्यापासून येऊ नका, घरी आराम करा, डोळा दाखवून घ्या, असं बरंच सौम्य बोलले. सगळं पाच मिनिटांत झालं. जाताना दादांनी आपली मेणाची सुरी रुमालात गुंडाळून नेली, स्टूल टेबलाखाली सरकवून ठेवलं. जुळ्यांच्या आईने मोटर बंद केली नाही. चालूच ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

शनिवारी मालकांनी जाहीर केलं की, दिवसातून एकदाच विचारलं की काय होतं ते आपण पाहिलं, आता प्रार्थना दिवसातून दोनदा. (‘प्रार्थना’ हा शब्द एव्हाना तेही वापरायला लागले होते.) संध्याकाळची वहीसुद्धा मॉनिटरनेच भरायची.

घरी नवऱ्याने विचारलं, “काय झालंय?”

“काही नाही.”

“काल काही नाही, आज काही नाही. अडलंय कुठे, ते सांग.”

त्याने गमतीने विचारलं होतं. ती ताटावरून उठून गेली. सव्वाआठला मुलीला फोन केला नाही. साडेआठला मुलीचाच आला. “आई, बरी आहेस ना?”

“ठीक आहे,” ती म्हणाली, आणि तो शब्द स्वतःच्या तोंडून ऐकून तिने फोन नवऱ्याकडे दिला.

रविवारी ती दादांच्या घरी गेली. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, दारात वाळत घातलेली चादर. काकूंनी दार उघडलं. “ये ये. बरं झालं आलीस. आता थेंबांची वेळ आहे, जरा बस.” दादा खुर्चीत मान मागे टाकून बसले होते. काकूंनी खालची पापणी ओढली, एक थेंब टाकला, कापसाने गाल टिपला. भिंतीवर एक कागद चिकटवला होता. त्यावर वारांचे आणि वेळांचे रकाने आखलेले. डोळा मिटलेला असतानाच दादांनी हात लांब करून पेन्सिल घेतली, चाचपडत कागद गाठला आणि स्वतःच खूण केली. खूण रकान्याच्या बाहेर गेली.

“डॉक्टर काय म्हणाले?”

“काचबिंदू म्हणाले,” काकूंनीच उत्तर दिलं. “डाव्याचं गेलं ते गेलं. उरलंय ते आणि उजवा राखायचा. चार महिने आधी आला असतात तर, म्हणाले.” मग सुरात फरक न करता, “चहा टाकते,” म्हणून आत गेल्या.

मॉनिटरने आठवडाभर घोळवलेलं सगळं तिथे उभ्या उभ्या सांगितलं. वही, रकाना, आदल्या संध्याकाळी लिहून ठेवलेले ठीक, मालकांच्या खोलीत गप्प राहिलेलं तोंड. मंगळवारचा दिवाही.

दादांनी मान सरळ केली. “ते मला माहीत होतं की. अक्षर ओळखतो मी तुझं. वेलांटीची शेपटी अजून तशीच काढतेस.”

“मग हो का म्हणालात?”

“काय म्हणू? तिने विचारलंच नाही, म्हणू? पोरसवदा मालकापुढे, तुझ्यादेखत?” त्यांनी कापूस घेऊन डोळा टिपला. “आणि खोटं तरी कुठे होतं? तू रोज विचारलं असतंस, तरी मी ठीकच म्हणालो असतो.”

“का पण?”

“एकदा सांगून बघितलं होतं ना.”

ते रागाने बोलले नव्हते. दिवसभरात किती कवळ्या झाल्या ते सांगावं तसं बोलले. काकू चहा घेऊन आल्या. तिने तो प्यायला. गरम होता की गार, तिला आठवत नाही.

सोमवारी साडेदहाला मालक आले तेव्हा ती त्यांच्या खोलीत गेली आणि जे दादांना सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. मालकांनी वही उघडली, मिटली, पुन्हा उघडली. बाकीची पानंही उलटली. मग म्हणाले, “मॅडम, मग यातलं खरं काय काय आहे?”

“बाकीच्यांचं त्यांनी सांगितलेलं आहे.”

“ते खरं सांगतात का?”

“अडलं नाही” हे वाक्य त्या वहीत नऊशे वेळा तरी असेल. जुळ्यांच्या आईच्या रकान्यातसुद्धा, चार महिने, रोज.

मालकांनी दादांकडे माणूस पाठवला. दात लावायला नाही, पण बघायला आणि शिकवायला या, उजवा डोळा आहे तोवर आठवड्यातून तीन दिवस. दादांनी दहा दिवस काही कळवलं नाही. अकराव्या दिवशी आले. रुमालातून सुरी काढली आणि स्टूल ओढून बसले. मालकांनी माफी मागितली नाही, दादांनी अपेक्षाही केली नसावी. संध्याकाळची प्रार्थना आपोआप बंद पडली. सकाळची राहिली, पण वही आता जुळ्यांच्या आईकडे आहे. ते मालकांनी ठरवलं, आणि मॉनिटर म्हणते, बरोबर ठरवलं. ती आता गोलात उभी राहते, प्लास्टरवाल्याच्या शेजारी.

दादाही उभे राहतात. परत आल्यावर पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा त्यांचा नंबर शेवटी आला. कुणी पाय बदलला नाही, कुणी घड्याळाकडे बघितलं नाही. बोला दादा, हवं तेवढं बोला, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. नऊ वाजून दहा झाले, अकरा झाले.

“ठीक,” दादा म्हणाले.

जुळ्यांच्या आईची लेखणी थांबली. “दादा, सांगा ना. काल ते तुमच्या हाताखालचं नवीन पोरगं दात लावत होतं, त्याचं काय झालं?”

“ठीक आहे. लिही.”

त्या दिवसापासून रोज तेच. ज्या माणसाला थोडक्यात बोलता येत नव्हतं, त्याला आता येतं. मॉनिटर समोर उभी राहून ऐकते. पुढे विचारायचा हक्क आपला उरला नाही, असं तिला वाटतं. आणि न विचारणं हाच तर आपला गुन्हा होता, असंही वाटतं. दोन्हींमध्ये ती रोज सकाळी दहा मिनिटं उभी असते.

गेल्या आठवड्यात तिने धीर केला. दुपारी कोपऱ्यातलं स्टूल उचललं, ओढलं तर आवाज होईल म्हणून उचललं, आणि दादांच्या शेजारी नेऊन ठेवलं. दादा जोरात दचकले. हातातली दाढ उडून प्लास्टरच्या टेबलाखाली गेली. प्लास्टरवाला, मॉनिटर आणि नवीन पोरगं, तिघं ओणवे होऊन ती शोधायला लागले. सापडल्यावर मॉनिटरने ती पुसून दादांच्या तळहातावर ठेवली.

“चुकले,” ती म्हणाली.

दादांनी दाढ दिव्याकडे धरून उजव्या डोळ्याने फिरवून बघितली. मग म्हणाले, “डावीकडून येत जाऊ नकोस. मला दिसत नाहीस तू. उजवीकडून ये.”

कामावर परत आल्यापासून त्यांनी तिला आपल्याबद्दल आपणहून सांगितलेलं हे पहिलं वाक्य.

तिची जागा आणि दादांचं टेबल यांत सहा पावलांचं अंतर आहे, पण ते डावीकडून. उजवीकडून जायचं तर प्लास्टरचं टेबल, मेण वितळवायचं वाफेचं भांडं आणि मोटर यांना वळसा घालावा लागतो. दादा असतात त्या दिवशी ती आता दुपारी स्टूल उचलून तो वळसा घालते, त्यांना दिसेल अशा बेताने ठेवते आणि बसते. वही जवळ नसते. काही विचारत नाही. कधी दादा बोलतात, एखाद्या बाईंचा जबडा, एखाद्या आजोबांचं हाड. कधी बोलत नाहीत. पाच मिनिटांनी ती उठते आणि आल्या वाटेनेच, पुन्हा वळसा घालून, परत जाते.